पहिली एअर रायफल कशी निवडावी

एअर रायफलीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा छऱ्याच्या वेगाचा असतो, आणि नवशिक्याची निवड चुकते तीही बहुधा त्याच आकड्यामुळे. माझी पहिली रायफल मी तशीच घेतली. सेकंदाला 380 मीटर वेगाचा दावा करणारी ती रायफल कॉक करताना, म्हणजे यंत्रणा ओढून छर्रा सोडायला तयार करताना, दोन्ही हातांचा जोर लागे, चाप वाळूत रुतल्यासारखा अडत अडत मागे येई, आणि दहा मीटरवरच्या कागदावर पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरत. दोन महिने मी दोष माझ्या हातांनाच देत राहिलो. मग एका जुन्या नेमबाजाने आपली निम्म्या ताकदीची रायफल मला चालवायला दिली, आणि त्याच दुपारी, त्याच हातांनी पाडलेली पाचही छिद्रे अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली.

हा लेख कागदी लक्ष्यांवर किंवा पडणाऱ्या पत्र्याच्या लक्ष्यांवर हौसेने नेम धरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. यातला क्रम खरेदीच्या नेहमीच्या क्रमाच्या उलटा ठेवला आहे: आधी जागा, मग ऊर्जा, मग यंत्रणा, आणि रायफलीचे नाव त्यानंतर. छऱ्याला नेमबाज पेलेट म्हणतात आणि चापाला ट्रिगर. दुकानात हेच शब्द ऐकू येतील.

पायरी 1: अंतर, जागा आणि कायदा

रायफल कुठे आणि किती अंतरावर चालवायची आहे, याचे उत्तर दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हाती असायला हवे. हौशी नेमबाजीचे बहुतेक प्रकार 10 ते 50 मीटरांत बसतात. 10 मीटर हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते. परंतु ऑलिंपिकमध्ये 1984 सालापासून होणारी एअर रायफलीची स्पर्धा याच अंतरावर होते, तिथले सबंध लक्ष्य 45.5 मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. त्या स्पर्धेतल्या रायफली छर्रा सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर वेगानेच सोडतात, म्हणजे माझ्या त्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या निम्म्यापेक्षाही कमी. अर्ध्या मिलिमीटरवर पदके ठरणारा खेळ इतक्या कमी वेगावर चालतो, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

जागेचा विचार करताना लक्ष्यापेक्षा लक्ष्याच्या मागे काय आहे याकडे अधिक पाहावे. छर्रा वर तिरका सुटला तर काही शे मीटर जाऊ शकतो, आणि जवळच्या अंतरावर डोळा कायमचा निकामी करण्याइतकी ताकद त्याच्यात असते. म्हणून लक्ष्यामागे छर्रा अडवून धरणारी पेटी असावी, पेटीमागे भरीव भिंत किंवा मातीचा बांध असावा, आणि नेमबाज व लक्ष्य यांच्या मधल्या पट्ट्यात अचानक कोणी येऊ शकेल असे दार किंवा वाट नसावी. अशी जागा घरी मिळत नसेल तर रायफल घेण्याआधी एखाद्या क्लबची किंवा रेंजची सोय पाहावी. तिथे उसनी रायफल चालवायला मिळाली तर या लेखातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळतील.

कायदा मात्र प्रत्येकाने आपल्या ठिकाणचा स्वतः पाहिला पाहिजे, कारण तो देशागणिकच काय, एकाच देशाच्या भागांतही बदलतो. जर्मनीत परवान्याशिवाय 7.5 जूलपर्यंतच्या ऊर्जेची रायफल चालते आणि तिच्यावर पंचकोनात एफ अक्षर कोरलेले असते. इंग्लंडमध्ये ही मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.3 जूल आहे; आणि शेजारच्या स्कॉटलंडमध्ये 2016 च्या अखेरीपासून बहुतेक एअर रायफलींना प्रमाणपत्र लागते. ऊर्जेची मर्यादा, नळीचा व्यास, वयाची अट, वाहतुकीचे नियम आणि खाजगी जागेत नेमबाजीला असलेली मुभा, या पाचही गोष्टी विचाराव्यात, आणि त्या विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर सोडू नयेत.

पायरी 2: वेग बाजूला ठेवून ऊर्जा पाहावी

छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याच्या अंगी किती ऊर्जा आहे, हा रायफलीच्या ताकदीचा खरा मापदंड आहे. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की ही ऊर्जा मिळते. 4.5 मिलिमीटर व्यासाचा नेहमीचा शिशाचा छर्रा 0.53 ग्रॅमच्या आसपास असतो. तो सेकंदाला 175 मीटरने सुटला तर ऊर्जा 8 जूलच्या जवळ येते, आणि 0.55 ग्रॅमचा छर्रा 240 मीटरने सुटला तर 16 जूलच्या जवळ.

आता खोक्यावरच्या आकड्याची गंमत पाहावी. 380 मीटरचा वेग मोजताना पुष्कळदा शिशाऐवजी हलक्या मिश्रधातूचा, जेमतेम 0.32 ग्रॅमचा छर्रा वापरलेला असतो. त्याची ऊर्जा 23 जूल होते. तीच ऊर्जा नेहमीच्या 0.55 ग्रॅमच्या छऱ्याला मिळाली तर वेग 290 मीटरवर येतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण जो छर्रा आपण कधी वापरणार नाही त्याचा असतो. शिवाय मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असलेला डमरूसारखा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरच्या आसपास, हवेत डगमगू लागतो. साधारण 280 मीटरच्या खाली ठेवलेला छर्रा शांतपणे जातो, आणि कागदावर ते दिसते.

माझ्या मते 10 मीटरसाठी 7 ते 8 जूल पुरेसे आहेत, 25 ते 30 मीटरपर्यंत 10 ते 12 जूल सोयीचे पडतात, आणि 50 मीटरच्या पत्र्यांसाठी 16 जूलच्या आसपासची रायफल घ्यावी. स्प्रिंगच्या रायफलीत यापेक्षा अधिक ऊर्जा मागितली की धक्का वाढतो, कॉक करण्याचे कष्ट वाढतात आणि छिद्रे दूर दूर पडू लागतात.

पायरी 3: हवा दाबण्याची यंत्रणा

खर्च, देखभाल, शिकण्याची गती आणि अचूकता या चारही गोष्टी यंत्रणेवर ठरतात, त्यामुळे इथे घाई करू नये.

सर्वांत जुनी आणि स्वयंपूर्ण यंत्रणा स्प्रिंग-पिस्टनची. नळी किंवा तिच्या खालचा दांडा ओढला की पिस्टन मागे जातो, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकून राहते. चाप ओढताच पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन छऱ्याला ढकलते. जड पिस्टन पुढे निघाला की रायफल मागे सरकते, आणि तो दाबलेल्या हवेच्या उशीवर आपटून थांबला की ती पुढे ढकलली जाते. हा दुहेरी धक्का छर्रा अजून नळीत असतानाच सुरू झालेला असतो. म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. दस्त्याचा, म्हणजे नळी आणि यंत्रणा जिच्यात बसवतात त्या बैठकीचा, पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता टेकवून, बोटे न मिटता, रायफलीला दरवेळी तिच्या मर्जीने सारखेच हलू द्यावे लागते. हे जमायला काही आठवडे जातात. पण ही रायफल शिकवते फार चांगले, तिला पंप, टाकी, सिलिंडर असे काहीही लागत नाही, आणि वीस-तीस वर्षांनी नवी स्प्रिंग व हवा गळू न देणारे नवे सील बसवले की ती पुन्हा उभी राहते.

स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडून कॉक करायचा प्रकार हलका आणि सुटसुटीत असतो. त्यात नळी दर खेपेला नेमक्या त्याच जागी परत बसते की नाही, यावर सगळी अचूकता अवलंबून राहते. नळी स्थिर ठेवून खालचा किंवा बाजूचा दांडा ओढायचा प्रकार वजनाने जड, पण स्वभावाने स्थिर. चांगल्या स्प्रिंग रायफलीची कल्पना यावी म्हणून काही नावे सांगतो. जर्मनीतल्या वायराउखची एचडब्ल्यू 30 एस ही अडीच किलोच्या आसपासची, कमी ताकदीची, नळी मोडायची रायफल आहे आणि तिच्यातला रेकॉर्ड नावाचा चाप आजही हौशी रायफलींसाठी कसोटी मानला जातो. त्याच कंपनीची एचडब्ल्यू 97 आणि इंग्लंडमधल्या एअर आर्म्सची टीएक्स 200 या खालच्या दांड्याच्या, स्थिर नळीच्या रायफली आहेत. फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीच्या जुन्या 300 एस या स्पर्धेच्या रायफलीत तर नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यात बसवलेल्या रुळांवर मागे सरकते, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. यांपैकीच एखादी घ्यावी असे नाही. पण शक्य असेल तर एकदा हातात धरून पाहावी, म्हणजे दुसरी कुठलीही रायफल कशाशी ताडून पाहायची हे कळते.

स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूची नळकांडी असलेल्या रायफलींना गॅस रॅम किंवा गॅस पिस्टन म्हणतात. त्यांत स्प्रिंगची झणझण आणि पिळ नसतो, थंडीचा परिणाम कमी होतो. परंतु कॉक करताना सुरुवातीपासूनच जोर लागतो, आणि नळकांडी गळू लागली तर ती घरी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

दुसरा मोठा वर्ग आधीच भरून ठेवलेल्या हवेच्या रायफलींचा, ज्यांना सगळे पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) म्हणतात. नळीखालच्या टाकीत 200 ते 300 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाची हवा भरलेली असते आणि प्रत्येक छऱ्यामागे तिच्यातला थोडासा भाग झडपेतून सुटतो. जड पिस्टन नसल्यामुळे धक्का जवळजवळ नाहीच, आणि नवशिक्याही पहिल्या दिवसापासून बारीक ग्रुप, म्हणजे जवळजवळ पडलेल्या छिद्रांचे पुंजके, पाडू लागतो. टाकी जशी रिकामी होते तसा वेग बदलू नये म्हणून चांगल्या पीसीपीत रेग्युलेटर असतो. तो आहे की नाही हे आवर्जून विचारावे. पण रायफलीबरोबर पंप, टाकी किंवा कॉम्प्रेसर यांचा विचारही करावा लागतो. हातपंपाने 200 बारपर्यंत नेणे हा चांगलाच घाम काढणारा उद्योग आहे, आणि पहिल्या आठवड्यातला उत्साह दुसऱ्या महिन्यात टिकेल का हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. हवा कोरडी आणि गाळलेली असावी. ओलावा टाकीत साचला तर आतून गंज धरतो. टाकीत हवेशिवाय दुसरा कोणताही वायू, विशेषतः ऑक्सिजन, कधीही भरू नये. त्याने स्फोट होतो.

एका हेलकाव्यात हवा दाबणाऱ्या सिंगल-स्ट्रोक रायफली 10 मीटरसाठी फार गुणी असतात. त्यांत ऊर्जा कमी असते, पण दर खेपेला तीच असते, आणि धक्काही नसतो. पुष्कळ वेळा पंप माराव्या लागणाऱ्या रायफली बहुगुणी खऱ्या, पण शंभर छऱ्यांच्या सरावात दंड भरून येतात. कार्बन डायऑक्साइडच्या 12 ग्रॅमच्या कुप्यांवर चालणाऱ्या रायफली गमतीच्या नेमबाजीला ठीक आहेत. त्यांची अडचण तापमानाची. 20 अंश सेल्सिअसला या वायूचा दाब सुमारे 57 बार असतो आणि शून्य अंशाला 35 बारपर्यंत उतरतो, त्यामुळे थंडीत किंवा भराभर छर्रे सोडल्यावर ते खाली खाली पडू लागतात.

पहिल्या रायफलीसाठी माझे मत मध्यम ताकदीच्या, दर्जेदार स्प्रिंग रायफलीच्या बाजूचे आहे. ज्याला शिकण्यापेक्षा लवकर अचूकता हवी आहे आणि हवा भरण्याची सोय जवळ आहे, त्याने पीसीपी घेतल्यास तीही चूक ठरणार नाही.

पायरी 4: नळीचा व्यास

इथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कागदासाठी 4.5 मिलिमीटर घ्यावी. छर्रे स्वस्त पडतात, त्यांचे प्रकार सर्वांत जास्त मिळतात, सगळ्या अधिकृत 10 मीटर स्पर्धा याच व्यासावर होतात, आणि त्याच ऊर्जेला छर्रा वेगवान असल्याने त्याची वाट सरळ राहते. 5.5 मिलिमीटरचा छर्रा साधारण दीड ते पावणेदोन पट जड असतो; तो वाऱ्याला कमी जुमानतो, पण खाली लवकर झुकतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तर नेमही चुकतो. त्याहून मोठे व्यास नवशिक्याच्या कामाचे नाहीत.

पायरी 5: रायफल अंगाला बसते का, आणि चाप कसा आहे

दुकानात किंवा क्लबमध्ये रायफल हातात आल्यावर आधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करावी आणि नळीचे तोंड सतत सुरक्षित दिशेला ठेवावे. मग दस्त्याचा मागचा टोकाचा भाग कोपराच्या खळग्यात टेकवून हात वाकवावा; तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर पोहोचले तर लांबी ठीक आहे. नंतर डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर आरामात टेकवावा आणि डोळे उघडावेत. साइट, म्हणजे नळीवरची नेम धरण्याची खूण, किंवा दुर्बीण डोळ्यासमोर आपोआप आली पाहिजे. मान ताणावी किंवा गाल उचलावा लागत असेल तर तो दस्ता आपला नव्हे, मग त्याचे लाकूड कितीही देखणे असो. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंना सारखा असलेला किंवा डाव्या बाजूचा दस्ताच घ्यावा. उजव्या दस्त्याशी जुळवून घेऊ असे म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि वर्षभरात त्यांनी रायफल बदललेलीही पाहिली आहे.

वजन अडीच ते साडेचार किलोंच्या दरम्यान असते. उभ्याने नेम धरायचा असेल तर रायफल खांद्याला लावून अर्धा मिनिट तशीच धरावी आणि पुढचे टोक थरथरू लागते का ते पाहावे. कॉक करण्याचा जोरही एकदा करून भागत नाही. पहिल्या खेपेला कोणतीही रायफल कॉक होते. प्रश्न पन्नासाव्या खेपेचा आहे. कमी ताकदीच्या रायफलीला 8 ते 10 किलोंचा जोर लागतो, फार ताकदीच्या रायफलीला त्याच्या दुप्पट, आणि दमलेल्या हाताने धरलेला नेम कागदावर लगेच उघडा पडतो. छर्रा भरताना एक हात नळीवर किंवा दांड्यावर घट्ट ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण खटका निसटला तर नळी फटकन मिटते आणि मध्ये बोट असेल तर ते वाचत नाही.

आता चापाविषयी, कारण रायफलीचा दर्जा इतक्या चटकन दुसरीकडे कुठे कळत नाही. चांगला चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो हलक्या, सारख्या दाबाने मागे येतो आणि एका जागी थांबतो. जणू भिंतीला बोट टेकले. तिथे श्वास रोखून नेम पक्का करता येतो. मग थोडासा दाब वाढवला की काच तडकावी तसा तो स्वच्छ सुटतो, आणि सुटण्याआधी घासत, सरकत राहत नाही. हौशी रायफलीत अर्धा ते दीड किलोचा चाप चांगला मानावा. स्पर्धेच्या रायफलींत तो 100 ग्रॅमच्याही आसपास नेता येतो, पण इतका हलका चाप नवशिक्याच्या बोटाला न कळत सुटतो, म्हणून त्याचा मोह नको. अडीच-तीन किलोंचा, एकाच टप्प्यात रेटावा लागणारा चाप असेल तर बोटाबरोबर सगळी रायफलच उजवीकडे खाली खेचली जाते, आणि हा दोष सरावाने जात नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा चाप छर्रा न भरता तपासू नये. नळीत अडथळा नसला की पिस्टन उशीविना सिलिंडरच्या तोंडावर आपटतो आणि सील व स्प्रिंग दोन्हींचे नुकसान होते. विक्रेत्याला छर्रा आणि पेटी मागावी. तो कुरकुरला तर दुसरे दुकान पाहावे.

पायरी 6: साइट की दुर्बीण

सुरुवात उघड्या साइटवर करावी, असे मी तरी सुचवीन, कारण तिच्यात नेम, श्वास आणि चाप यांचा मेळ शिकता येतो आणि बिघडण्यासारखे काही नसते. हिरव्या-लाल चमकत्या तंतूंच्या साइट हलत्या डब्यांसाठी बऱ्या. कागदावर मात्र तो चमकता ठिपका लक्ष्याचा काळा गोलच गिळून टाकतो. मागे बारीक छिद्राची डायऑप्टर साइट आणि पुढे वर्तुळ, ही जोडी 10 मीटरसाठी सर्वांत समाधानकारक.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर दोन अटी पाळाव्यात. पहिली अट अशी की स्प्रिंगच्या रायफलीसाठी ती एअर रायफलीकरता बनवलेली असावी. मोठ्या बंदुकीचा मागे बसणारा धक्का सोसणारी महागडी दुर्बीणसुद्धा या रायफलीच्या उलट्या, पुढे जाणाऱ्या झटक्याने आतून खिळखिळी होते. दुसरी, तिचे फोकस 10 मीटरपर्यंत जवळ आणता यावे. पुष्कळ दुर्बिणी 100 मीटरसाठी बसवलेल्या असतात. त्यांतून 10 मीटरवर पाहिले तर चित्र धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की रेषा लक्ष्यावरून सरकते. बसवताना मागच्या कड्याला टेकू देणारी खुंटी लागते, नाहीतर झटक्यांनी दुर्बीण हळूहळू मागे घसरत जाते आणि माणूस आठवडाभर नेम जुळवत बसतो.

पायरी 7: छर्रे आणि प्रत्यक्ष चाचणी

एकाच रायफलीत दोन निरनिराळ्या डब्यांतले छर्रे कमालीचे वेगळे वागतात. प्रत्येक नळीची खाच, तिचे तोंड आणि आतले माप किंचित वेगळे असते. छऱ्यांचे डोकेही 4.49 ते 4.52 मिलिमीटर अशा मापांत मिळते. म्हणून चार-पाच जातींचे छोटे डबे किंवा नमुने घेऊन जावेत. सपाट डोक्याचे छर्रे कागदात गोल, कडेदार छिद्र पाडतात आणि 10 मीटरसाठी तेच योग्य. 25 मीटरपलीकडे गोल डोक्याचे छर्रे वाट नीट धरतात. टोकदार छर्रे दिसायला भेदक असतात, अचूकतेत बहुधा मागे पडतात. लोखंडी गोळ्या खाचांच्या चांगल्या नळीत कधीही घालू नयेत. त्या नळी खराब करतात आणि कठीण लक्ष्यावरून उलट्या येतात.

चाचणीसाठी मऊ पिशवीवर तळवा आणि तळव्यावर रायफल, अशी बैठक घ्यावी. प्रत्येक जातीचे आधी दहा छर्रे नळीला सवय होण्यासाठी सोडावेत आणि मग पाच-पाचांचे तीन ग्रुप पाडावेत. ग्रुपमधल्या सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून 4.5 मिलिमीटर वजा केले की केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर मिळते. 10 मीटरवर ते 10 मिलिमीटरच्या आत येत असेल तर रायफल चांगली आहे. 15 च्या आसपास असेल तर नवशिक्याचा हातही त्याला जबाबदार असू शकतो. अनुभवी नेमबाजाने चार जातींचे छर्रे सोडूनही 25 च्या आत काही येत नसेल तर ती रायफल परत ठेवावी. छिद्रे केंद्राजवळ पडली नाहीत म्हणून नाराज होऊ नये. ते साइट फिरवून जुळते. ती एकमेकांजवळ पडतात का, एवढेच पाहायचे आहे.

पायरी 8: वापरलेली रायफल घेताना

दर्जेदार जुनी रायफल ही सामान्य नव्या रायफलीपेक्षा पुष्कळदा सरस निघते, फक्त ती तपासायला हवी. नळी मोडायच्या रायफलीत नळी मिटवून तोंडाशी धरून डावी-उजवीकडे हलवावी. जरासुद्धा खेळ जाणवला तर बिजागरीचा स्क्रू आवळून तो जातो का ते पाहावे, आणि न गेला तर सौदा सोडावा. नळी जिथे बसते तिथले रबरी सील चिरलेले नाही ना, हे पाहावे. छर्रा सोडताना तिथे पातळ कागदाची चिंधी ठेवली आणि ती उडाली तर हवा तिथून गळते आहे. स्प्रिंगचा लांबलेला झणझणाट म्हणजे ती सैल किंवा वाकडी झाल्याची खूण, मात्र हा दोष दुरुस्त होण्यासारखा असल्याने त्यावर किंमत कमी करून घ्यावी. नळीच्या तोंडाची कड उजेडात फिरवून पाहावी. तिथला एक टोचा सगळी अचूकता घालवतो. पीसीपी असेल तर दाब मोजून रात्रभर ठेवायला सांगावी, सकाळी काटा उतरला असेल तर ती गळते. आणि सुटी टाकी असेल तर तिच्या दाबचाचणीची तारीख पाहावी.

पायरी 9: घरी आणल्यावरचे पहिले पाचशे छर्रे

नव्या नळीत कारखान्यातले तेल असते. नळीच्या मापाचे फेल्टचे तुकडे किंवा कापडाची पट्टी ओढून ते पुसून काढावे. स्प्रिंगच्या रायफलीत छऱ्यामागच्या हवेच्या छिद्रात घरगुती तेल कधीही टाकू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, मोठा आवाज आणि धूर होतो आणि सील जळते. नव्या रायफलीचे पहिले काही बार धुरकट येतात ते याच कारणाने, आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. वेग स्थिर व्हायला काही शे छर्रे जावे लागतात, तोवर साइट रोज फिरवत बसू नये.

दस्त्याचे स्क्रू दर शंभर छऱ्यांनी पाहावेत. माझी एक रायफल अचानक दोन-दोन ग्रुप पाडू लागली होती, एक डावीकडे आणि एक वर. नळी धुतली, छर्रे बदलले, दुर्बीण उतरवून पुन्हा चढवली. शेवटी पुढच्या बाजूचा एक स्क्रू पाव आटा सैल निघाला. तेव्हापासून स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या लाकडावर पांढऱ्या रंगाची एकच बारीक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

प्रत्येक वेळी संरक्षक चष्मा लावावा, पाहणाऱ्यांनाही द्यावा. कॉक केलेली रायफल खाली ठेवू नये, चापावर बोट नेम धरल्यावरच जावे, आणि खडक, पाणी किंवा न पडणारा कठीण पत्रा यांवर छर्रा सोडू नये. छर्रे शिशाचे असल्याने ते तोंडात धरू नयेत आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुवावेत. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. एका वहीत तारीख, छऱ्याची जात, अंतर आणि ग्रुपचे माप लिहीत जावे. ग्रुप हळूहळू मोठे होत गेलेले दिसले तर आधी स्क्रू, मग नळीची सफाई, मग सील, या क्रमाने शोध घ्यावा, आणि नळी उगीच दर आठवड्याला घासू नये, कारण शिशाचा पातळ थर बसलेली नळीच सारखे ग्रुप पाडते.